बिडी सोडली अन् तोंड आलं? घाबरू नका, पण पुन्हा पेटवूही नका

बिडी सोडून आठ-दहा दिवस झालेले असतात. सकाळचा खोकला जरा कमी झालेला असतो, घरचेही खूश असतात. आणि एक दिवस चहाचा पहिला घोट घेतला की जीभ चरचरते. आरशात बघितलं तर खालच्या ओठाच्या आतून पांढरट खड्डा, भोवती लाल कडा. दुसऱ्या दिवशी जिभेच्या कडेला आणखी एक. ठेचा राहिला लांबच, साधी भाकरी चावता येत नाही. मग पारावर कुणीतरी म्हणतंच, "अरे, इतक्या वर्षांची सवय. एकदम सोडल्यावर अंगावर येणारच. एखादी ओढ, बरं वाटेल."

माझ्या मामांची बिडी या एका सल्ल्यापायी दोनदा सुटून दोनदा परत लागली. तिसऱ्यांदा सुटली ती दवाखान्यातल्या सिस्टरनी आधीच सांगून ठेवलं म्हणून, की "दुसऱ्या आठवड्यात तोंड येईल बरं का, तेव्हा माझ्याकडे या, टपरीवर जाऊ नका." तोंड आलंच. पण या वेळी ते येणार हे ठाऊक होतं, म्हणून मामा डगमगले नाहीत. ही माहिती त्यासाठीच: बिडी-सिगारेट सोडल्यावर तोंड का येतं, किती दिवस राहतं, घरी काय करायचं, आणि कोणत्या फोडाला "सोडल्यामुळं आलंय" म्हणून अजिबात सोडून द्यायचं नाही.

हे खरंच होतं का?

होतं. मनाचे खेळ नाहीत. लंडनमधल्या संशोधकांनी धूम्रपान सोडणाऱ्या लोकांची याच कारणासाठी नोंद ठेवली आणि २००४ साली ती प्रसिद्ध केली. सोडलेल्यांपैकी साधारण पाचातल्या दोघांना तोंडात फोड आले, बहुतेकांना पहिल्या दोन आठवड्यांतच. बहुतेकांचा त्रास किरकोळ होता, थोड्यांना मात्र जोराचा झाला. ज्यांना फोड आले त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांचे चार आठवड्यांच्या आत बरेही झाले. म्हणजे पाचातल्या तिघांना काहीच होत नाही, हेही लक्षात घ्या. तोंड आलं नाही म्हणून "माझी बिडी नीट सुटली नाही की काय" अशी शंका घ्यायचं कारण नाही.

आता कारण. ज्यांनी कुदळ-खुरपं हातात धरलंय त्यांना हे समजायला सोपं आहे. रोज खुरपं धरणाऱ्या तळहाताला घट्टे पडतात. चार महिने हात रिकामा राहिला की कातडी मऊ होते, आणि परत काम सुरू केलं की पहिल्याच दिवशी फोड येतात. बिडीचा गरम धूर वर्षानुवर्षं तोंडात फिरतो तेव्हा आतली नाजूक त्वचा अशीच जाड, कोरडी, राठ होत जाते. धूर बंद झाला की ती पुन्हा मऊ व्हायला लागते. त्या मधल्या दिवसांत भाकरीचा कडक पापुद्रा, दाताचं टोक, तिखटाचा झणका, सगळंच लागतं. शिवाय निकोटीनमुळं दबलेली सूज वर येते आणि लाळेतलं जंतूंशी लढणारं बळही काही दिवस कमी-जास्त होतं, असं डॉक्टर मानतात.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, कारण लपवली तर वाचणारा उद्या स्वतःच अनुभव घेऊन म्हणेल की पेपरवाले खोटं लिहितात. पुन्हा बिडी ओढली तर हे फोड कमी होऊ शकतात. बिडी ओढणाऱ्यांना असले साधे फोड इतरांपेक्षा कमीच येतात. पण त्याचं कारण बिडी औषध आहे हे नव्हे. कातडी परत राठ होते, एवढंच. ज्या राठ कातडीखाली पुढं जाऊन कर्करोग धरतो, ती आपण फोडावर पांघरूण म्हणून घालत असतो.

आणखी एक बदल काहींना दिसतो. सोडल्यावर ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायला लागतं, जे आधी कधी येत नव्हतं. निकोटीन हिरड्यांच्या रक्तवाहिन्या आवळून ठेवतं, त्यामुळं हिरड्या आतून खराब असल्या तरी रक्त दिसत नाही. रक्तपुरवठा सुधारला की जुनं दुखणं उघडं पडतं. घाबरू नका, पण दात साफ करून घ्यायची हीच वेळ आहे असं समजा.

ते दोन आठवडे

अडचण अशी की तलफेचे दिवस आणि तोंड येण्याचे दिवस एकमेकांत अडकतात. सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस तलफ सगळ्यात जोरात असते. चिडचिड, झोप न लागणं, पोट साफ न होणं, कशात लक्ष न लागणं हे सगळं दोन ते चार आठवड्यांत हळूहळू उतरतं. त्यातच तोंड आलं की माणूस नीट जेवत नाही, उपाशी पोटी तलफ आणखी वाढते, आणि दुपारी बांधावर सगळे झाडाखाली बसून बंडल उघडतात तेव्हा हात पुढं जातो. म्हणून तोंड येणं हा दिसायला लहान त्रास असला तरी सोडणाऱ्याला पाडणारा आहे. त्याच्यावर वेळेत इलाज केला तर निम्मं काम होतं.

सगळ्यात स्वस्त आणि खरोखर उपयोगी इलाज म्हणजे मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा, आणि जेवणानंतर नक्की. जास्त मीठ टाकलं तर जास्त फरक पडेल असं नाही, उलट झोंबेल. फोडावर साजूक तूप किंवा मध लावायची आपल्याकडं पद्धत आहेच. त्यानं फोड एका दिवसात जात नाही, पण वर एक थर बसतो आणि जेवण सुसह्य होतं. मधुमेह असेल तर मध नको. जाईचा पाला चावायचं जुनी माणसं सांगतात. पाला स्वच्छ धुतलेला असेल आणि बरं वाटत असेल तर चावा, अडवायचं कारण नाही. ज्येष्ठमधाची काडी मला स्वतःला जास्त पटते. ती तोंडात धरली की दुखरं तोंड थंड पडतं आणि हाताला-ओठाला बिडीच्या जागी काहीतरी मिळतं.

मेडिकलमध्ये फोडावर लावायची बधिर करणारी जेल मिळते. जेवणाआधी पाच-दहा मिनिटं लावली तर चार घास सुखानं जातात. फोड मोठे किंवा बरेच असतील तर डॉक्टर तोंडाच्या आत चिकटून राहणारं सूज उतरवणारं मलम लिहून देतात, ते झोपताना लावायचं. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आपल्याकडं तोंड आलं की कुणीही देतं. अंगात कमतरता असेल तर त्यांचा फायदा होतो, नसेल तर लघवी पिवळी होण्यापलीकडं फारसं काही होत नाही. जांभळट लालसर रंगाचं माउथवॉश रोज-रोज स्वतःच्या मनानं वापरू नका, त्यातल्या काहींनी दातांवर डाग पडतात. दारू असलेलं झोंबणारं माउथवॉश तर या दिवसांत नकोच.

जे करायचं नाही ते जास्त महत्त्वाचं, कारण गावात नेमकं तेच सुचवलं जातं. दुखतंय म्हणून डोकेदुखीची गोळी फोडावर दाबून धरायची नाही. गोळीनं तिथली कातडी जळते आणि एका फोडाचे दोन होतात. लवंगेचं तेल किडक्या दातासाठी ठीक, उघड्या फोडावर आग करतं. तुरटीची पूड थेट फोडावर लावू नका. चुना लावायचा तर विचारसुद्धा नको.

आणि मिश्री. आपल्याकडच्या घराघरांत ही अडचण आहे. तोंड दुखतंय, दात ठणकतात म्हणून पुरुषही मिश्री घासायला लागतात, बायका तर आधीपासून घासतातच. मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखू. "मी बिडी सोडली, आता फक्त मिश्री लावतो" हे सोडणं झालं नाही. तीच गत तंबाखू-चुन्याची. केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे मोठे लोक ३.८ टक्के निघाले, तर न पेटवता तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के. म्हणजे बिडी सुटलेल्या माणसाच्या आजूबाजूला पुडी मळणारे बिडीवाल्यांच्या सहापट आहेत. हात पुढं होणारच. पण पुडी गालात धरली तर फोड बरा होणार नाही आणि धोकाही संपणार नाही.

सुपारीचंही तसंच. बिडीऐवजी सुपारी चघळणारे खूप. त्यात तंबाखू नाही म्हणून ती निरुपद्रवी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर काम करणारी संस्था सुपारीला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरते, तंबाखू नसली तरी. सुपारीमुळं गालाच्या आतली त्वचा ताठ होऊन तोंड उघडेनासं होतं ते वेगळंच. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर काय-काय मिळतं ते वाचकांना माहीत आहे, त्यावर इथं नको.

जेवणाचं काय?

तोंड आलं म्हणून उपाशी राहू नका. भाकरी दुधात किंवा पातळ वरणात चांगली कुस्करून खा. मऊ भात, मुगाची खिचडी, ज्वारीच्या कण्या, शिजवून मऊ केलेला भोपळा, केळं, हे सगळं जातं. ताक फार आंबट नसेल तर चालतं. आंबट ताक, लिंबू, चिंच, टोमॅटो झोंबतात. ठेचा, लोणचं, भाजके शेंगदाणे, फुटाणे, चिवडा दोन आठवडे बाजूला. टोकदार, कडक काहीही फोडाला पुन्हा खरवडतं. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, एका वेळी दोन सवयी कुणाच्याच सुटत नाहीत. पण चहा कोमट होऊ द्या. चहाबरोबर बिडीची आठवण येतेच, तेव्हा काही दिवस चहा नेहमीच्या जागी बसून न पिता घरात प्या. पाणी जास्त प्या. उन्हात काम करणाऱ्याचं तोंड कोरडं पडलं की फोड जास्त दुखतात.

ब्रश मऊ घ्या. राखुंडी, मिठाची भरड पूड, दंतमंजन बोटानं चोळणं हे फोड असेपर्यंत बंद. दाताचं टोक किंवा कवळीची कडा एकाच जागी लागत असेल तर दंतवैद्याकडून ती घासून घ्यावी लागेल, नाहीतर कितीही मलम लावा.

निकोटीनची गोळी चघळणाऱ्यांसाठी

तलफ मारण्यासाठी निकोटीनचं च्युइंगम मिळतं, २ आणि ४ मिलिग्रॅमचं. किती ताकदीचं आणि किती दिवस, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. गरोदर बायका आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. ते खायची पद्धत साध्या च्युइंगमसारखी नाही, आणि इथंच बरेच जण चुकतात. हळूहळू चावायचं, तिखटसर चव आली की थांबायचं, गम गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं. चव गेली की पुन्हा थोडं चावायचं, आणि ठेवायची बाजू बदलायची. अर्धा तास असं चालतं. भराभर चावलं तर निकोटीन थुंकीबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, मळमळतं आणि तोंडाची आग होते. चहा-कॉफी किंवा आंबट काही घेतलं असेल तर पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर गमचा उपयोग होत नाही.

तोंड खूपच आलं असेल तर गमऐवजी दंडावर चिकटवायची निकोटीनची पट्टी हा चांगला पर्याय आहे, तोंडाचा संबंधच येत नाही. काहींना डॉक्टर तलफ कमी करणाऱ्या गोळ्याही देतात. गमनं आग होते म्हणून सगळंच बंद करून बसू नका, डॉक्टरांना सांगून बदलून घ्या.

कोणता फोड साधा नाही?

इथं नीट वाचा.

साधा फोड दुखतो, खूप दुखतो. गोल किंवा लांबट, मध्ये पिवळसर-पांढरा, कडा लाल, आकार ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढा. तो ओठाच्या आत, गालात, जिभेच्या कडेला येतो आणि एक ते दोन आठवड्यांत भरून येतो. एक बरा होताना दुसरा येऊ शकतो, तेही चालतं.

काळजीचा फोड बऱ्याचदा दुखतच नाही. म्हणूनच माणूस फसतो. एकाच जागी बसून असतो, दोन आठवडे उलटले तरी जागचा हलत नाही, बोटानं दाबलं तर बुड कडक लागतं, धक्का लागला की रक्त येतं. त्याच्याबरोबर किंवा त्याच्याशिवायही तोंडात न निघणारा पांढरा किंवा मखमलीसारखा लाल चट्टा, जीभ जड होणं, ओठ किंवा हनुवटी बधिर होणं, दात कारण नसताना हलणं, गिळताना एका बाजूच्या कानात कळ, मानेत गाठ, बसलेला आवाज, यातलं काहीही असलं तर "बिडी सोडल्यामुळं आलंय" हे कारण तिथंच थांबवा. इतकी वर्षं ओढल्याचा धोका सोडल्याच्या दिवशी शून्य होत नाही, तो वर्षावर्षानं उतरत जातो. म्हणून सोडलेल्या माणसानं तोंडाकडं जास्त लक्ष द्यायचं, कमी नाही.

तंबाखू मळून खाणारे जिथं गोळी धरतात तिथं पांढरी, सुरकुतलेली कातडी झालेली असते. तंबाखू बंद केल्यावर ती साधारण सहा आठवड्यांत मावळायला पाहिजे. मावळली नाही तर दाखवा.

घरी तपासणं सोपं आहे. दिवसाउजेडी आरशासमोर उभं राहा, कुणाला तरी मोबाईलची बॅटरी धरायला सांगा. ओठ उलटे करून, गाल ताणून, जीभ बाहेर काढून दोन्ही बाजूंनी, जीभ वर करून खालून, मग टाळू. टाळू पांढरट आणि त्यावर बारीक लाल ठिपके हे बिडी ओढणाऱ्यांत दिसतं आणि सोडल्यावर काही आठवड्यांत जातं. शेवटी आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात घालून बघा. जात नसतील तर तोंड आखडत चाललंय. फोड दिसला तर मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दोन आठवड्यांनी दुसरा काढा, म्हणजे "कमी झाल्यासारखं वाटतंय" यावर विसंबायला नको.

याशिवाय ताप येऊन तोंडभर फोड, पाणीसुद्धा गिळता न येणं, अंगावर, डोळ्यांत किंवा लघवीच्या जागीही फोड, यात वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना. तोंडात दह्यासारखा पांढरा थर बसला असेल तर तो बुरशीचा असू शकतो, मधुमेहींना आणि दम्याचा पंप घेणाऱ्यांना जास्त. आणि बिडी सोडून महिने झाले तरी वरचेवर तोंड येत असेल तर रक्त तपासून घ्या. रक्त कमी असणं आणि बी-१२ ची कमतरता ही कारणं निघतात, साखरही बघायला सांगा.

जायचं कुठं?

आधी गावातलं उपकेंद्र किंवा आयुष्मान आरोग्य मंदिर. ३० वर्षांवरच्या लोकांची तोंडाची तपासणी तिथं सरकारी कार्यक्रमातूनच मोफत होते, आशाताईंना विचारलं तर दिवस सांगतील. प्राथमिक आरोग्य केंद्रात साध्या फोडांचं औषध मिळतं. दोन आठवडे उलटलेला फोड असेल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दातांच्या डॉक्टरांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशनही होतं.

डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवायचा म्हटलं तर नाही म्हणू नका. "तुकडा काढला की पसरतो" हे आपल्याकडं अजून घट्ट बसलेलं आहे आणि ते खरं नाही. पसरतो तो तुकडा काढल्यानं नव्हे, भीतीपोटी महिनोन्महिने घरी बसल्यानं. तपासणीत कर्करोग निघालाच तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत त्यावरचे उपचार येतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

घरून फोनवर मदत हवी असेल तर राष्ट्रीय तंबाखू मुक्ती सेवेचा क्रमांक १८००-११-२३५६ असा आहे, फोनचे पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला तर मोबाईलवर संदेश यायला लागतात. पहिला क्रमांक सिगारेटच्या पाकिटावर आणि बिडीच्या बंडलावरही छापलेला असतो. बंडल फेकण्याआधी तेवढा लिहून घ्या.